सिस्टरची दुपारची झोप

गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. रात्रभर इस्पितळात, दिवसभर अंथरुणात; जगाशी तिची गाठ पडायची ती सकाळच्या चहापुरती. तिला मात्र रात्रपाळीच आवडे. दिवे मंद केलेल्या वॉर्डात वीस माणसांचे श्वास ऐकत फिरताना तिला स्वतःचं पाऊलही हलकं वाटे.

पण दिवसा झोपच नाही, तर रात्री पहारा कसला? खोलीतला जुना एसी म्हणजे पोसलेला पांढरा हत्ती. आवाज दणदणीत, गारवा बेताचा आणि बिल असं, की सासूबाई ते खुर्चीत बसूनच वाचत. एका पहाटे सिस्टरनं भलत्याच औषधाची बाटली उचलली. सुई भरण्याआधी ध्यानात आलं, म्हणून निभावलं. घरी येऊन ती म्हणाली, "आई, अशीच झोप मोडत राहिली तर मी नोकरी सोडते."

म्हणून कमी वीज खाणारा नवा एसी आला. इतका शांत, की चालू आहे हे त्याच्या दिव्यावरूनच कळावं. सिस्टर डोळे मिटायची आणि थेट तळ्यात उतरायची. हिरवं, गार पाणी, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. मग पाणी कोमट व्हायचं, तापायचं. ती तळमळायची. थोड्या वेळानं पाणी पुन्हा गार. असं दुपारभर. आणि महिन्याचं बिल जवळपास जुन्याइतकंच.

"पैसे पाण्यात गेले," म्हणत सासूबाईंनी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं एसी उघडून पाहिला, पुन्हा बंद केला आणि विचारलं, "काकू, मधे मधे बंद करता का?"

"करते की! हिचा डोळा लागला की करते. झोपलेल्या माणसाला काय कळतंय? तासाभरानं परत लावते."

"अहो, खोली एकदा गार झाली की हा दमानं चालतो, थोडक्यात भागवतो. तुम्ही बंद केला की खोली तापते, मग ह्याला पहिल्यापासून जोर लावावा लागतो. पंचवीसवर ठेवा, दार लावा आणि विसरून जा."

सासूबाईंचा चेहरा पडला. एकेक दिवा विझवत त्यांनी संसार ओढला होता. विसरून जाणं त्यांच्या गावीही नव्हतं.

पुढच्या महिन्यात बिल निम्म्यावर आलं, हे खरं. पण खरी गोष्ट मेकॅनिक आला त्याच दुपारची. तळं शेवटपर्यंत गार राहिलं. सिस्टर निवांत पोहत पलीकडच्या काठाला लागली, तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. पलंगाच्या कडेला सासूबाई बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"बंद नाही केलात?"

"हात शिवशिवत होते." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "अगं, मी परत लावायला यायचे तेव्हा तू रोज कण्हत असायचीस. वाटायचं, इस्पितळात काय काय बघते पोर, तेच स्वप्नात येत असेल. पोटात तुटायचं माझ्या. आणि करत होते मीच."

सिस्टरनं भिंतीकडे सरकून पलंगावर जागा केली.