नमुना क्रमांक सात

सरांचं नाव जगात कोणी कुठे घेतलं, हे मोजायचं काम ग्रंथपाल म्हणून माझ्याकडे होतं. चंद्रपुरातल्या आमच्या महाविद्यालयात पुस्तकं फारशी कोणी नेत नसे, म्हणून ते मला दिलं असावं. दर सोमवारी मी संगणकावर सायटेशनचा आकडा बघायचो आणि चिठ्ठी घेऊन सरांच्या प्रयोगशाळेत जायचो. तिथे दाराबाहेर एक फळा होता. वरोऱ्याच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव लिहितात तसा त्यावर खडूने आकडा चढायचा. फरक एवढाच, की सोयाबीनचा भाव कधीकधी उतरतो.

मी नुसतं मोजत नसे, वाचतही असे. ही जुनी खोड. सरांचे लेख सर्वांत जास्त वेळा उद्धृत करणारे गृहस्थ स्वतः सरच होते. त्यांच्या खालोखाल आसपासच्या गावांतले तीन-चार प्राध्यापक, ज्यांचे लेख सरही तितक्याच अगत्याने उद्धृत करत. लग्नात त्यांनी आपल्याकडे भांडं आणलं की आपण त्यांच्याकडे न्यायचं, तसं. एका परदेशी लेखात तर सरांचं नाव ‘या पद्धतीत नेहमी होणाऱ्या चुका’ या मथळ्याखाली आलं होतं. मी ते त्यांच्या कानावर घातलं.

“मोजलं ना?” सर म्हणाले.

मोजलं होतं.

विषय मात्र चांगला होता, हे कबूल करायला हवं. कोशाच्या रेशमाचा पातळ पापुद्रा करायचा, तो जखमेवर लावला की रक्त थांबावं. आमच्या भागात सिकलसेल पुष्कळ. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात आणि माणूस ठणकत पडतो. तेव्हा अशा रक्तातल्या पेशी त्या पापुद्र्यावर फुटतात का, हे आधी बघायला हवं. सर ते बघत होते. म्हणजे त्यांची एक विद्यार्थिनी बघत होती.

ती सहा वर्षं त्यांच्याकडे पीएच.डी. करत होती. घर चामोर्शीच्या पुढे. बाप ऐनाच्या झाडांवर कोसा घ्यायचा, त्यामुळे रेशीम तिच्या घरूनच यायचं. पुढे रक्तही तिचंच आलं. सिकलसेलच्या तपासणीत वाहकाला पिवळं कार्ड देतात, रुग्णाला लाल. तिचं लाल होतं. प्रयोगाला रक्त ताजं लागे, आणि दवाखान्यातून निघालेला डबा उन्हातून, रेल्वेच्या फाटकावर थांबत थांबत पोचेपर्यंत पेशी मेलेल्या असत. असा एक नमुना वाया गेला तेव्हा तिनेच बाही वर केली.

“बेटा, हा त्याग विज्ञान विसरणार नाही,” सर म्हणाले.

विज्ञान खरोखरच विसरलं नाही. दर शुक्रवारी सुई तयार ठेवू लागलं. पावसाळ्यात तिचे सांधे धरायचे, ती भिंतीच्या आधाराने चालायची. सर तिला ग्लुकोजची बिस्किटं देत, आणि डावा हात दुखत असेल तर उजवा मागत. वहीत तिचं नाव नव्हतं. नमुना क्रमांक सात, एवढंच.

मग परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकाने लेख स्वीकारला, तो या सातव्या नमुन्यावरचाच. वाकलेल्या पेशी रेशमाच्या धाग्याला बिलगल्या आहेत, असं सूक्ष्मदर्शकातलं चित्र त्यांना फार आवडलं होतं. तिला त्या लेखावर फक्त नाव हवं होतं. नाव असलेला एक तरी लेख दाखवल्याशिवाय विद्यापीठ प्रबंध घेत नव्हतं, आणि तिच्या नोंदणीची मुदत येत्या मार्चमध्ये संपत होती.

तिने विचारलं तेव्हा मी चिठ्ठी घेऊन तिथेच उभा होतो.

“सर, याच्यात माझं नाव कुठी हाय?”

“बस, बेटा.” सर कोणाला दुखवायचं असलं की आधी बसायला सांगत. “तू या अभ्यासात नमुना आहेस. नमुना आणि लेखक एकच व्यक्ती कशी असेल? याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. उद्या कोणी म्हणेल, हिने आपलं रक्त आपल्याला हवं तसं वागवलं.”

“रक्त कोनाचं आयकते का, सर?”

“नियम आहे.”

“प्राचार्यांचं नाव हाय.”

“त्यांनी प्रयोगशाळा उपलब्ध करून दिली.”

“तुमच्या जावईबापूंचंबी हाय.”

जावई नागपुरात सिव्हिल इंजिनिअर होते.

“आलेख त्यांनी नजरेखालून घातले,” सर म्हणाले आणि माझ्याकडून चिठ्ठी घेऊन फळ्याकडे गेले.

लेखाच्या शेवटी तिच्यासाठी आभाराची एक ओळ होती: ‘रक्त देणाऱ्या अनाम स्वयंसेवकाचे लेखक ऋणी आहेत.’ ती इंग्रजीत मी लिहून दिली होती. सरांना ‘अनाम’ला बरा शब्द सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात आली. मी तिच्या भागातला, म्हणून मला भाऊ म्हणायची.

“भाऊ, ते संमतीपत्र हाय का, तुमी मराठीत केलेलं?”

रक्त देणाऱ्यांसाठी मी ते भाषांतर केलं होतं. चार पानं. आजवर कोणी वाचली नव्हती. लोक अंगठा कुठे लावायचा एवढंच विचारायचे. ती उभ्यानेच वाचत गेली आणि तिसऱ्या पानावर थांबली. तिथे लिहिलं होतं: ‘तुम्ही कधीही, कोणतेही कारण न देता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता. त्यानंतर तुमचा नमुना व त्यावरील माहिती वापरली जाणार नाही.’

“हे खरं हाय, का नुसतं लिवलं हाय?”

“खरं आहे. कोणी करून पाहिलेलं नाही.”

“म्हंजे लेखकाले काई हक्क नाई, नमुन्याले हाय. बरं झालं मले नमुना केलं.”

“तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच रक्तावर आहे,” मी म्हणालो. “तेही जाईल.”

“नाव नाई तं प्रबंध घेतच नाईत. मंग त्या प्रकरणाचं का लोणचं घालू?”

माझ्याच टेबलावर तिने दोन ओळींचा अर्ज लिहिला. एक प्रत महाविद्यालयाच्या नैतिकता समितीला, एक त्या नियतकालिकाला.

सरांनी प्रयत्नपूर्वक कमावलेलं शुद्ध मराठी तो कागद वाचताना त्यांच्या मूळ गावी, वरोऱ्याला परत गेलं. “काऊन वं, अक्कल गहान ठेवली का तुनं? सहा वर्सं पोसलं तुले इथी!”

“रक्त माझं जाऊन राह्यलं होतं, सर. पोसत कोन होतं?”

समितीचे अध्यक्ष प्राचार्यच होते, म्हणजे लेखाचे दुसरे लेखक. समोसे आले, चहा आला. नमुन्याच्या स्वातंत्र्यावर प्राचार्य बराच वेळ बोलले, आणि चांगलं बोलले. अर्ज मंजूर झाला. तिचा नमुना लेखातून काढावा. आणि न्याय दोन्हीकडे सारखा हवा म्हणून तिच्या प्रबंधातूनही काढावा. तिला आत बोलावून हे ऐकवलं. “चालते,” ती म्हणाली. वसतिगृहावर जाऊन सामान बांधू लागली.

पुढच्याच रविवारी सर मला गाडीत घालून तिच्या गावी घेऊन गेले. मागच्या सीटवर बर्फाचा डबा होता आणि त्यांच्या ओळखीची एक नर्स. ती अजून वसतिगृहावरच होती; घरी बाप होता आणि धाकटी बहीण. बहीण नुकतीच बारावी झालेली, अठरा पूर्ण. तिच्याकडेही लाल कार्ड होतं. सरांना हे सहा वर्षांपासून माहीत होतं.

“मोठीचं काम थोडं अडलं आहे,” सर बापाला म्हणाले. “धाकटीच्या चमचाभर रक्ताने सुटेल.”

“हिचं देल्लं तं तिचं होईन का, साहेब?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायची वेळ आली की ते नेहमी कोणाकडे तरी बघत.

“होईल,” मी म्हणालो.

“मंग काढा नं,” धाकटी म्हणाली आणि आपणच खाटेवर बसली. “पन ताईले आता सांगू नका. पास झाल्यावर मी सांगीन. लई गमजा मारते, माझ्याच रक्तावर विज्ञान चालते म्हणून.”

संमतीपत्र मी मोठ्याने वाचलं. पहिलं पान, दुसरं पान, चौथं पान. तिसरं वगळायला मला कोणी सांगितलं नव्हतं. परत येताना फाटक उघडं मिळालं.

सगळे प्रयोग पुन्हा करायचे तर आणखी सहा वर्षं गेली असती. म्हणून चित्र तेवढं नवं घेतलं, आकडे जुनेच ठेवले. नमुन्याचा क्रमांकही सातच ठेवला, तक्ते बदलावे लागू नयेत म्हणून. नियतकालिकाला नवं संमतीपत्र गेलं, त्यांनी तत्परतेबद्दल सरांचे आभार मानले. लेख छापून आला. सरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मानपत्राचा मजकूर माझा.

मार्च आला आणि तिची नोंदणी रद्द झाली.

उन्हाळ्यात ती जुने दाखले घ्यायला आली. आता एका तालुक्याच्या दवाखान्यात कंत्राटावर होती, सिकलसेलच्या नळ्या तपासायची. ग्रंथालयात आली, पाणी प्यायली, खुर्चीत बसली.

“तो लेख आला का, भाऊ?”

मी काढून दिला. चित्राचं पान आल्यावर तिने ते जवळ ओढलं. वर्षानुवर्षं स्वतःच्या पेशी बघितलेलं माणूस. एका नजरेत तिला कळलं.

“हे माझं नाई.”

“नाही.”

“कोनाचं हाय?”

“नमुन्याचं नाव गुप्त ठेवावं लागतं,” मी म्हणालो. हे वाक्य संमतीपत्राच्या पहिल्याच पानावर होतं, ते मी सगळ्यांना वाचून दाखवत असे.

“बराबर हाय,” ती म्हणाली. नियम तिलाही माहीत होता. मग पुन्हा चित्रावर वाकली. “माझ्यापक्षा जास्त वाकल्या हायेत. ज्याचं हाय त्याले लई दुखत असन.”

मी तिचा रिकामा पेला उचलून ठेवला.

“भाऊ, या पानाची एक झेरॉक्स द्या. पदवी गेली हे घरी सांगतलं नाई अजून. आता सांगीन. लहान बहिनीलेबी लाल कार्ड हाय. तिले हे दाखवलं तं समजन तरी, मी काय करून राह्यली होती ते.”

मी पान काचेवर सरळ लावलं. चित्र काळं येऊ नये म्हणून शाई कमी केली. तरी पहिली प्रत काळी आली. दुसरी चांगली आली, ती दिली.