कुंदनची रॉ फाइल आणि मालनबाईंची हळद

इंदिरानगरातल्या कुंदन फोटोग्राफरला जगातल्या बहुतेक गोष्टींची किळस येत असे. पण जेपेग हा शब्द नुसता कानावर पडला तरी त्याचा चेहरा चहात माशी सापडल्यासारखा होई. कॅमेऱ्याने परस्पर रंग ठरवायचे, नको वाटेल ते फेकून द्यायचं आणि उरलेलं दाबून चिमुकली फाइल हातावर ठेवायची, म्हणजे जेपेग. "दुसऱ्याने चावून दिलेला घास आहे तो," असं कुंदन म्हणे.

तो फक्त रॉ फाइल काढी. तिच्यात कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळं शाबूत राही आणि रंग मागाहून कुंदन स्वतः देई. पण या फाइली अंगाने भलत्याच भरभक्कम. बायको रूपाली म्हणायची, "लोकांच्या लग्नांनी आपलं कपाट भरलं. माझ्या साड्या काय गॅलरीत ठेवू?" कपाटात हार्ड डिस्कच्या चळती होत्या.

मखमलाबादच्या मालनबाईंच्या मुलीच्या, शुभांगीच्या हळदीचे फोटो त्यानेच काढले. घरचीच झेंडूची शेती. त्यामुळे माळा पिवळ्या, साड्या पिवळ्या, मंडपाचं कापडही पिवळं, आणि त्यातून गाळून येणारं ऊनही पिवळंच. कुंदन मनात म्हणाला, 'हळद आहे की काविळीचा वॉर्ड!' आठ दिवस बसून त्याने फोटोफोटोतला पिवळेपणा खरवडून काढला आणि अल्बमचं पहिलं पान पाहायला मालनबाईंना बोलावलं.

मालनबाई स्क्रीनला नाक लावून बघत राहिल्या.

"भाऊ, मी पोरीला काय फासलंय? राख?"

"हळदच आहे, मावशी. जरा पिवळेपणा काढलाय."

"हळदीचा पिवळेपणा काढला, मग राहिलं काय? समदे दहाव्याला बसल्यावानी दिसत्यात!" त्यांनी मोबाईल पुढे केला. "हा बघ, आमच्या रविराजनं काढलेला. पहिल्या पानाला ह्योच टाक."

तो फोटो चार ग्रुपांवरून फिरून आला होता. शुभांगीचं नाक गुळगुळीत होऊन गालात विरघळलं होतं. कुणाचा तरी वापरलेला रुमाल हातात आल्यासारखा कुंदनने मोबाईल दोन बोटांत धरला. पहिल्या पानावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव छापलं जाणार होतं, आणि त्याच्या वर हे?

"मावशी, हा जेपेग आहे. तोही पाचव्या हातचा!"

"असू दे. पिवळा तर हाय!"

कुंदनने मूळ रॉ फाइल उघडली. खरवडलेली सगळी हळद तिच्यात जिथल्या तिथे होती. त्याने रंग केसभर वाढवला.

"बास?"

"हे तर पातळ वरण झालं. अजून घाल."

त्याने घातली.

"अजून. हात आखडू नको, हळद आमच्या घरची हाय."

भिंतीकडे बघत, औषध गिळावं तसा कुंदन रंग वाढवत गेला. शुभांगीचे खांदे झळाळले, मंडप पेटला. मालनबाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "आता लागली माझ्या पोरीला हळद. रविराजचा राहू दे. तुझाच टाक."

कुंदनचं नाव बचावलं. पण मग त्याने स्क्रीनकडे पाहिलं. आई पिवळी, लेक पिवळी, मागे हसणाऱ्या बायांच्या बत्तिशाही पिवळ्याधमक.

"मावशी," तो काकुळतीला आला, "दात तरी पांढरे करू द्या."

"कर की," मालनबाई म्हणाल्या. "फक्त ती कडेची, माझी जाऊ, तिचे राहू दे."