पासष्टावा सेन्सर

बजबज गावातल्या एका तेलडेपोत पासष्टाव्या टाकीचा सेन्सर जोडताच आमच्या कंपनीचा कंट्रोलर बंद पडला. टाक्यांची पातळी तासभर कोणालाच कळली नाही. सेन्सर जोडणाऱ्या आमच्या इंजिनिअर मौसुमीला प्रोजेक्टवरून काढा, असे क्लायंटने लेखी कळवले.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. दोष कर्नलमध्ये होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या कामाला किती मेमरी द्यायची, हे तो ठरवतो. आमच्या कर्नलमध्ये चौसष्ट सेन्सरपुरतीच जागा हार्डकोड केलेली होती. म्हणजे यंत्रात मेमरी किती आहे, हे न विचारताच आकडा थेट कोडमध्ये लिहिलेला. शेजारी निनावी शेरा होता : ‘विचारपूर्वक ठरवलेली मर्यादा. बदलू नये.’

“जुन्या लोकांनी काही विचार केला असेलच ना,” मॅनेजर सेनगुप्ता म्हणाले. “यंत्र तापत असेल.”

“किंवा सिक्युरिटी,” क्वालिटीचे घोषबाबू म्हणाले. “ऑडिटर दरवर्षी या शेऱ्याचं कौतुक करतात.”

“टाक्या पासष्ट आहेत, दादा,” मौसुमी म्हणाली. “एक बुजवायला सांगू का?”

“तसं पत्र ड्राफ्ट करता येईल,” घोषबाबू गंभीरपणे म्हणाले.

मी बिनसाखरेचा चहा ढवळत होतो. तो शेरा माझा होता. फार वर्षांपूर्वी माझ्या टेबलावरच्या टेस्ट बोर्डात तेवढीच मेमरी होती, म्हणून चौसष्ट. कोणी कारण विचारू नये, म्हणून ‘विचारपूर्वक’.

“तो आकडा मी टाकला,” मी म्हणालो. “त्यामागे कसलाही विचार नव्हता.”

“गोगटेदा, एवढी नम्रता बरी नव्हे,” सेनगुप्ता म्हणाले.

“नम्रता नाही, सर. आळस. क्लायंटला तसं लिहून देतो.”

“आधी बोलला असतात, तर माझी रात्रीची झोप वाचली असती, दादा,” मौसुमी म्हणाली.

कर्नल सुरू होताना यंत्रालाच मेमरी विचारेल आणि त्यावरून मर्यादा ठरवेल, असा बदल तिने एका दुपारी केला. मंजुरीला तीन आठवडे लागले. मौसुमी प्रोजेक्टवर राहिली. तिच्याऐवजी प्रोजेक्टवरून माझे नाव गेले, आणि ते योग्यच झाले.

तिने नव्या कोडशेजारी लिहिले : ‘शंका आल्यास तपासा, चुकत असेल तर बदला.’ घोषबाबूंच्या मते हा शेरा ऑडिटच्या दृष्टीने कच्चा आहे. माझा शेरा पक्का होता. म्हणूनच इतकी वर्षे तो कोणी तपासला नाही.