कार्डाचा रंग

माझे वडील दहावी नापास. फाउंड्रीत साच्यात वाळू ठोकून त्यांनी स्लॅबचं घर बांधलं, मला इंजिनिअर केलं आणि दर रविवारी घरात मटणाचा रस्सा शिजेल याची सोय केली. मी इंजिनिअर झालो. त्यांच्याच घरात राहतो आणि रविवारी तोच रस्सा ओरपतो. आमच्याकडे याला प्रगती म्हणतात.

हातकणंगल्याकडच्या ज्या कारखान्यात ते होते, तिथंच मी आहे. गेटवर दोन रंगांची कार्डं चालतात. निळं म्हणजे कंपनीचा कायम माणूस, पिवळं म्हणजे ठेकेदाराचा. वडिलांचं निळं होतं, माझं सात वर्षं पिवळंच. काम तेच, पण कॅन्टीनची रांग वेगळी. आमच्या रांगेची पाळी येईपर्यंत दही संपलेलं असतं.

गेल्या वर्षी आई-वडिलांबरोबर कसबा बावड्यात मुलगी बघायला गेलो. निघताना आईनं बजावलं, "कंपनीत इंजिनिअर हाय, एवढंच सांगायचं. पुढं त्वांड उघडायचं न्हाय." मुलगी मला बघताक्षणी आवडली, कबूल करतो. पोहे देताना ती हसली आणि मी मनातल्या मनात मांडव घालून मोकळा झालो.

तिच्या वडिलांनी शिक्षण विचारलं, गाव विचारलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "कार्ड कुठल्या रंगाचं?"

आईनं डोळे वटारले. पण समोर ती होती, खोटं बोलवेना. "पिवळं," मी म्हणालो.

"माझं बी पिवळंच की," ती म्हणाली. तीही एका कारखान्यात माल तपासायला होती. मला वाटलं, जमलं! यापेक्षा चांगली पत्रिका कुणाची जुळणार?

तिच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "पावणं, राग मानू नका. पोरगं चांगलं हाय. पर तिचं पिवळं हाय म्हणूनच आम्ही निळं शोधतोय. ठेकेदारानं दोघांस्नीबी एकाच दिवशी घरी बसवलं, तर खायचं काय?"

ती रिकाम्या बशा गोळा करायला लागली.

परतताना रिक्षात आई मुलीला नावं ठेवत होती. नाक बसकं, बोलणं आगाऊ. मला फार वाईट वाटत होतं, आणि तिच्या बापाचं पटत होतं म्हणून जास्तच.

घरी पोचल्यावर रिक्षाचे पैसे वडिलांनी दिले. दारात चपला काढताना म्हणाले, "रिटायर व्हताना सायबाच्या पाया पडायला पायजे हुतं मी. तुला कायम केलं असतं त्यानं. ताठ्यात निघून आलो."

जन्मभर मॅनेजरलाही 'ए' म्हणून हाक मारणारा हा माणूस. काहीतरी वात्रट बोलून मी त्यांना हसवायला हवं होतं. मी नुसत्या त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.