हिरव्या कडीच्या कोंबड्या

नेकनूरहून सकाळची बीडची एस.टी. पकडताना आईने विचारलं, "कालिज शिकून कोंबड्यांकडं चाललीस व्हय?" मी हो म्हणाले आणि बर्फाचा डबा मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. जायचं होतं ते गेवराई आमच्यापासून काही फार लांब नाही. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन लिहावं का, असा संकोच वाटतो. पण घरात कॉलेजला गेलेली मी पहिली, आणि एकटीने कामासाठी केलेला हा माझा पहिला प्रवास. म्हणून लिहिते.

काम असं होतं. आमच्या कॉलेजच्या मॅडम कोंबड्यांच्या फ्लूवर डीएनए लस तयार करत आहेत. नेहमीच्या लशीत बहुतेक वेळा मारलेला विषाणू टोचतात. या लशीत विषाणू नसतोच. त्याच्या अंगावरच्या एका तुकड्याची फक्त कृती असते. ती वाचून कोंबडीच्या पेशी तो तुकडा स्वतः बनवतात आणि शरीर त्याला ओळखायला शिकतं. निदान शिकावं, अशी आशा. उंदरांत जमलं होतं. गावरान कोंबडीत जमलं की नाही, ते आज तिच्या रक्तावरून कळणार होतं. नाही जमलं तर मॅडमचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून, आणि माझा प्रकल्पही.

बीडच्या स्टँडवर गाडी बदलली. हमरस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्येच तुरीची पिवळी फुलं. शेजारच्या आजोबांनी डब्यावर टिचकी मारली.

"कुल्फी हाय का?"

"नाही आजोबा, कोंबड्यांचं रक्त आणायला चाललेय."

ते जरा सरकून बसले.

गेवराईच्या अलीकडे रफीकभाईंचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. मागे घर आणि घरामागे जाळीत आमच्या बारा कोंबड्या. हिरवी कडी पायात असलेल्या सहांना लस दिलेली, पांढऱ्या कडीच्या सहांना नुसतं मिठाचं पाणी. सांभाळायच्या रफीकभाईंच्या आई. त्यांना सगळे खाला (मावशी) म्हणतात.

"आलीस बेटा? आदी जेव. सुया-बिया मागनं," खाला म्हणाल्या. त्यांनी चटई अंथरली. ज्वारीची गरम भाकरी, कांदा, आणि वाटीत लाल तर्रीचा रस्सा. वास असा की मी सकाळपासून उपाशी आहे, हे तेव्हा मला कळलं.

हात धुवायला मोरीपाशी गेले. तिथे पिसांच्या ढिगात एक हिरवी कडी पडली होती.

मी परत आले, पण बसवेना.

"खाला, ही कोंबडी... जाळीतली?"

"मंग? घरचीच. सगळ्यात जाडी बघून काडली. तू पयल्यांदाच एकटी आलीस."

"मला हे खाता येणार नाही."

खालांचा हात भाकरीवरच राहिला. "कावून? आमच्या घरचं चालत न्हाई का तुला?"

"नाही नाही, खाला! घराचं काही नाही. प्रयोगातली कोंबडी कुणीच खायची नसते. तुम्हीसुद्धा."

"तुज्या मॅडमनं इकू नका म्हणलं होतं. पाव्हणीला घालू नका म्हणलं न्हवतं."

दारात हात पुसत उभे असलेले रफीकभाई हसायला लागले. "अम्मी, तू लस शिजवली!"

"तू गप बे!"

रफीकभाईंनीच मग खड्डा खणला. त्यांनी पातेलं त्यात रिकामं केलं तेव्हा खाला तिकडे बघत नव्हत्या. मी चुलीपाशी जाऊन बसले आणि भाकरीबरोबर काही आहे का, म्हणून विचारलं. त्यांनी ठेचा आणि दही ठेवलं. मी खाल्लं. दुसरी भाकरी मागितली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"तिखट हाय ना?"

"लई," मी डोळे पुसत म्हणाले.

मग कोंबड्या त्यांनीच धरल्या. पंखाखालची शीर शोधताना मी सुई दोनदा मागे घेतली. "भिऊ नको, ती तुज्यापेक्षा जास्ती भेलीय," खाला म्हणाल्या. अकरा नळ्या भरल्या.

बीडला प्रयोगशाळेत मॅडम वाट पाहत होत्या. घडलेलं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, मग त्याही हसल्या. "उरलेल्या पाच काय म्हणतात, बघू."

खाचांच्या प्लेटमध्ये प्रत्येक कोंबडीच्या ओळीत आम्ही रक्तातलं पाणी, मारलेला विषाणू आणि शेवटी तांबड्या पेशी घातल्या. लस लागू पडली नसेल तर विषाणू पेशींना धरून ठेवतो आणि खाचेत फिकट गुलाबी पडदा पसरतो. लागू पडली असेल तर पेशी सुटतात आणि तळाशी लाल ठिपका जमतो. मी प्लेटवरून नजर हलवली नाही. पांढऱ्या कडीच्या ओळींत पडदा. हिरव्यांच्या पहिल्या ओळीतही पडदा. मग दुसऱ्या ओळीत ठिपका दिसला, कुंकवाच्या टिकलीसारखा. तिसऱ्या ओळीत. चौथ्या. पाचव्या!

"मॅडम!" मी एवढ्या जोरात ओरडले की शिपाईमामा धावत आले.

लगेच खालांना फोन लावला. "पाचांतल्या चार पास झाल्या!"

"आन् शिजली ती?"

"तिचं आता कळणार नाही."

"ती बी पास झाली असती. जाडी होती." मग हळू आवाजात, "म्होरच्या टायमाला बाजारातली आनते. ती तरी खाशील ना?"

"खाईन, खाला. रस्सा जास्त ठेवा."

नेकनूरची गाडी भरलेली होती. चार कोंबड्यांच्या रक्ताने फ्लू थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. खऱ्या रोगापुढे ही लस टिकते का, ते अजून पाहायचं आहे. एक कोंबडी नापास का झाली, तेही. तरी माझ्या आत काहीतरी उसळत होतं आणि ते चेहऱ्यावर दिसत असावं. कारण शेजारच्या अनोळखी बाईंनी विचारलं, "काय गं, निकाल लागला का काय?"

एरवी मी मान हलवून खिडकीबाहेर पाहिलं असतं.

"लागला," मी म्हणाले, आणि त्यांच्याकडे वळून पहिल्यापासून सांगायला लागले.