कर्ता नसलेली वाक्यं

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं हसत विचारलंत, "आजी, मामीने आठशेची साडी शंभराला विकली ना?" तेव्हाच ठरवलं, हे लिहायचं. एखादी गोष्ट घरात चार वेळा हसत सांगितली की तीच खरी होऊन बसते. मामीने ती किंमत लावली नव्हती.

मामीचं साड्यांचं दुकान म्हणजे तिचा मोबाईल. माल घरात येतच नाही. ती इथे धुळ्यात बसून फोटो टाकते, गिऱ्हाईक ऑर्डर देतं आणि सुरतेचा व्यापारी तिथूनच परस्पर साडी पाठवतो. त्याच्याकडचे भाव उचलायचे, त्यावर मामीचा नफा चढवायचा आणि दुकानात लावायचे, हे काम एक सॉफ्टवेअर करायचं. त्याचं ती दरमहा भाडं भरायची.

एका सकाळी भराभर ऑर्डरी यायला लागल्या. मामी आधी खूश झाली, मग तिने भाव पाहिले. सगळ्या साड्या आठव्या हिश्श्याच्या भावाने लागल्या होत्या. तिने दुकान बंद केलं, ऑर्डरी रद्द केल्या, पैसे परत पाठवले. दुपारी शिरपूरच्या एका लग्नघरातून एका बाईंचा अहिराणीत फोन आला. सगळ्या गावाने भाव पाहिला, गिऱ्हाईक ओढायलाच तो लावला, असा त्यांचा आरोप.

"बठ्ठा गावनी भाव देखा, आते नही कशी म्हनस तू? गिऱ्हाईक बलावाना धंदा शे हाऊ!"

"नही हो अक्का, मशीननी चूक शे."

"मशीनले काय हात शेतस?"

संध्याकाळी तुमच्या मामानेही तेच काढलं. "मशीन आपोआप कशाला करेल? घाईत तूच कुठेतरी बोट लावलं असशील."

मामी उठली. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "आई, दुकान बंद करावं लागलं तर करीन. पण हे माझ्या नावावर नको."

मी सॉफ्टवेअरच्या कंपनीला इंग्रजीत रीतसर पत्र लिहिलं. उत्तर लगेच आलं, इतक्या लगेच की ते माणसाने वाचलं असेल यावर माझा विश्वास बसला नाही. "किंमत चुकीची दाखवली गेली. झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे." जळगावच्या शाळेत मी इतकी वर्षं पॅसिव्ह व्हॉइस शिकवला. करणाऱ्याचं नाव घ्यायचं नसेल तेव्हा ही रचना फार सोयीची पडते, हे मुलांना मीच सांगायची. मी उलट लिहिलं: हेच वाक्य कर्त्यासकट लिहून पाठवा.

दुसरं उत्तर आलं: "आपल्या खात्यातून बदल केला गेला असण्याची शक्यता आहे." कर्ता याही वाक्यात नव्हता, पण बोट मात्र आता सरळ मामीकडे होतं.

मग सुरतेला फोन लावला. व्यापारी गोड बोलणारा. "पहले आठ साड़ी के सेट का भाव भेजते थे, माँजी. अब एक-एक साड़ी का भेजते हैं. सिस्टम में बता दिया था."

"किसको बताया?"

"सिस्टम को."

म्हणजे त्याने एका साडीचा भाव पाठवला आणि सॉफ्टवेअरने जुन्या सवयीने त्यालाही आठने भागलं. हिशेब जुळला, तरी त्याचं उत्तर मला खटकलं. फारच तयार होतं. हेच उत्तर सकाळपासून बऱ्याच जणांना देऊन झाल्यासारखं.

म्हणून कंपनीच्या फोनवर मी आमची तक्रार सांगितलीच नाही. फोन स्पीकरवर ठेवून फक्त विचारलं, "त्या व्यापाऱ्याचा माल विकणाऱ्या बाकीच्या दुकानांचं काय झालं?"

पलीकडे कोणी नवी मुलगी असावी. "हो ना मॅडम, त्या दिवशी त्यांच्या सगळ्याच दुकानांना झालं. आमच्याकडून तो भागाकार..." ती थांबली. मागे कोणीतरी पुटपुटलं. मग एकदम वेगळ्या आवाजात, "चौकशी केली जात आहे, मॅडम."

मामा समोरच जेवत होता. त्याच्या हातातला घास तसाच राहिला. "सगळ्यांचंच झालं, म्हणजे..."

"म्हणजे मी बोट लावलं नव्हतं," मामी म्हणाली. "भाजी वाढू?"

फोनवरचं ते वाक्य लेखी द्या म्हणून मी तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं, त्यात "काही खाती प्रभावित झाली असू शकतात" एवढंच. पहिल्या सकाळीच त्यांना सगळं माहीत होतं, असा माझा संशय आहे आणि तो मी मागे घेणार नाही. सुरतेच्या माणसावरही माझा पूर्ण भरवसा नाही, पण मामी म्हणते, त्याच्या साडीचा रंग जात नाही. त्या सॉफ्टवेअरचं भाडं तिने बंद केलं. शिरपूरच्या अक्कांनी पुन्हा ऑर्डर दिलेली नाही, आणि गावात काय सांगितलं असेल ते मी विचारलेलं नाही.

दुकान चालू आहे. गिऱ्हाइकं कमी झाली आहेत. प्रत्येक साडीचा भाव मामी स्वतः भरते, आणि कुठे बोट लागलं का, असं घरात तिला आता कोणी विचारत नाही.