बोगदे आणि बोअर

रोमपासूनच माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आमचा घोळका चाळीसेक माणसांचा, सगळे जालना जिल्ह्यातले खत-बियाणांचे दुकानदार आणि त्यांच्या बायका. बियाणं विकायचं टार्गेट पूर्ण केलं म्हणून कंपनीनं इटली दाखवायला आणलेले. आमचं दुकान परतूरला, शेत तिथून जवळच. दुकान ह्यांचं, पण मोसंबीची बाग माझी. एकेक रोप मी उन्हात उभं राहून लावून घेतलेलं, पहिले दोन उन्हाळे कळशीनं पाणी घालून जगवलेलं.

यंदा विहिरीनं तळ गाठला, जुना बोअर आटला, झाडांची पानं मुरडायला लागली. नवा बोअर मारायला गाडीचा नंबर लावला होता, तर तो लागला कधी? आम्ही इकडं आल्यावर! परत पाठवली तर ती गाडी पावसाळ्याआधी फिरकायची नाही. दीर फोनवर म्हणले, "वहिनी, आम्ही मारून घेतो. तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका." टेन्शन घेऊ नका म्हणे! तिकडं माझी बाग वाळून राह्यली, आणि मी इथं गाईडच्या झेंड्यामागं पुतळे बघत फिरू?

बोअर मारायचा तो दिवस, नेमके आम्ही फ्लॉरेन्सहून रेल्वेनं समुद्रकाठच्या गावांना निघालो होतो. तिकडं डोंगर सरळ समुद्रातच उतरतो, त्यामुळं रूळ डोंगराच्या पोटातून नेलेत. बोगदा संपला की लख्ख उजेड, खाली निळंशार पाणी, आणि डोळे भरून बघावं तर लगेच दुसरा बोगदा. उजेड आला की सगळ्या बाया "अगं माय!" करत खिडकीला चिकटायच्या, आणि मी मोबाईलला. रेंजही तेवढ्यापुरतीच यायची.

"भाऊजी, किती खाली गेलं?"

"दोनशे फुटांच्या वर गेलं वहिनी. नुसता फुफाटा उडून राह्यलाय, अजून..."

बोगदा. आग लागो त्या बोगद्याला! समोर बसलेल्या जालन्याच्या मारवाडी काकूंनी खाकऱ्याचा डबा पुढं केला. मी घेतला खाकरा, पण तो तोंडात फिरेना. आमचे हे मात्र खिडकीपाशी लहान लेकरासारखे बसलेले. म्हणले, "तू काय फोनमधून पाणी काढती का? बाहेर बघ की जरा."

"तुम्ही बघा," मी म्हणलं, "तुमच्या दुकानाला पाणी लागत न्हाई."

बोलून गेले खरी, पण ह्यांचं तोंड एवढंसं झालं. त्यांना बागेचं काहीच नाही असं थोडंच होतं? काळजी पोटात ठेवून हसायची त्यांची रीतच आहे. मला ती जमत नाही.

पुन्हा उजेड आला. दीर ओरडतच होते, "वहिनी, ओल लागली! माती ओली येऊन राह्यली!" मागून मशीनचा घरघराट, माणसांचा गलका. मी ताडकन उठले. "मंग? पुढं?" तर बोगदा. आणि हा बोगदा संपता संपेना. मी दारापाशी जाऊन उभी राहिले, परत आले, परत गेले. काकू म्हणल्या, "बैठो ना बेटी, चक्कर येईल." मला बसवतच नव्हतं.

शेवटच्या गावाला उतरलो. स्टेशनसमोरच समुद्र, लोक अंग टाकून पडलेले. सगळे वाळूकडं पळाले. मी प्लॅटफॉर्मवरच थांबून फोन लावला.

"लागलं वहिनी पाणी," दीर म्हणले. "मस्त लागलं. आता आरामात फिरा."

क्षणभर वाटलं, तिथंच फुगडी घालावी. मग विचारलं, "ओटी कोणी भरली? आत्याबाईंनी का जाऊबाईंनी?" आमच्याकडं पाणी लागलं की मशीन हलायच्या आत घरची बाई खणा-नारळानं बोअरची ओटी भरते. तोवर कोणी पाण्याचा घोट घेत नाही.

"ओटी... भरू की. तुम्ही आल्यावर."

मी कान देऊन ऐकलं. मशीन बंद. कुणाचा गलका नाही, पोरांचं ओरडणं नाही. पाणी लागलेल्या बोअरवर एवढं चिडीचूप कधीच नसतं. मी म्हणलं, "बरं झालं भाऊजी," आणि फोन ठेवला. बिचाऱ्याला आणखी खोटं कशाला बोलायला लावायचं?

खाली हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बूट हातात घेऊन उभे. "काय झालं?"

वर्षभर गल्ल्यावर बसून पाय अवघडून घेणारा माणूस. म्हणलं, निदान एकानं तरी समुद्र बघावा. "लागलं," मी म्हणलं. "मस्त लागलं."

त्यांनी बूट माझ्या हातात दिले आणि पाण्यात शिरले. लाट आली, गेली. मी बूट धरून उभी, आणि डोळ्यांपुढं माझी मुरडलेली झाडं.

मागं न बघताच ते म्हणले, "कोरडा गेला ना?"

"कोणी सांगितलं?"

"पाणी लागलं असतं तर तू आतापर्यंत अख्ख्या स्टेशनाला पेढे वाटले असते."

ते परत आले, माझ्या हातातले बूट काढून वाळूत ठेवले आणि माझा हात धरला. "ये. एवढ्या लांब आलोत, पाय तरी भिजव."

मी गेले. त्या अख्ख्या प्रवासात मी समुद्र बघितला तो तेवढाच, आणि तोही मला नीट दिसत नव्हता.